यादीप्रमाणे सामान

माझ्या वास्तुशांतीच्या यादीत 54 वस्तू आहेत. सुरुवात हळद-कुंकवाची, शेवट पंचरत्नांच्या पुडीचा. मधे सप्तमृत्तिका, नवग्रहांच्या समिधा, नाडापुडी, खण, नारळ, आणि विड्याची पानं 50, तीही देठासकट. वाकडला अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका यजमानांनी एकदा विचारलं, "गुरुजी, यातली एखादी वस्तू नाही मिळाली तर चालेल का?" मी म्हटलं, "चालेल की. मुहूर्त पुढच्या महिन्यात धरू."

नारायण पेठेत राहून 24 वर्षं मी याज्ञिकी करतोय. नाडापुडी राहिली म्हणून किती सॉफ्टवेअर इंजिनिअर मी सोवळ्यासकट दुचाकीवरून मंडईला पिटाळले असतील, त्याचा हिशेब नाही. ते परत येईपर्यंत मी पंख्याखाली बसून चहा घ्यायचो. परत आलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं, हे मात्र कधी निरखून पाहिलं नव्हतं. या वर्षी आरशात पाहिलं.

झालं असं, की आमच्या एका जुन्या यजमानांचे बंधू टेक्ससला असतात आणि तिथल्या मंदिराच्या विश्वस्तांत आहेत. एके रात्री त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मंदिरात बालाजी आहे, शंकर आहे, दुर्गा आहे, साईबाबा आहेत, गणपती आहे. एवढे सगळे एका छपराखाली भाडेकरूंसारखे मिळूनमिसळून राहतात म्हणे. पुजारी दोन, दोघेही दक्षिणेकडचे. आता मराठी मंडळी वाढली, त्यांना मंगळागौर हवी, सत्यनारायणाला आपल्या चालीवरची आरती हवी. "येता का गुरुजी? पगार आहे, राहायला जागा आहे."

मी बायकोकडे पाहिलं. तिने मोदकाच्या ऑर्डरची वही मिटली आणि विचारलं, "तिकडे मी काय करायचं?" हा प्रश्न पुढे व्हिसाचं काम पाहणाऱ्या वकीणबाईंना विचारला तेव्हा कळलं, की माझा व्हिसा आर-वन आणि तिचा आर-टू. आर-टूवर राहता येतं, पण पगाराची नोकरी किंवा धंदा करता येत नाही. थोडक्यात, चतुर्थीला दीडशे मोदक विकणारी बाई तिथे फक्त माझ्यासाठी पाच करणार. "मग पाचच कशाला? तुम्ही देवळातच जेवा," ती म्हणाली. हा विषय घरात अजून प्रलंबित आहे.

आमच्या घराण्यात अमेरिका नवीन. पुण्यात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून टिळक-रानड्यांसारख्या माणसांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा खटला, चाललं. आमचे पणजोबा त्यात कोणत्या बाजूला होते हे घरात कोणी सांगत नाही, यावरून काय ते समजावं. समुद्र ओलांडला की परत आल्यावर प्रायश्चित्त, अशी जुनी रीत. आता सुधारणा झाली आहे. आता ते जाण्याआधीच घ्यावं लागतं.

आमचा भाचा हिंजवडीत आहे. त्याच्या ऑफिसात व्हिसा हा विषय, आमच्याकडे पितृपक्ष असतो तसा, दरवर्षी येतो. तो लॅपटॉप घेऊन आला आणि पाटावर बसला. मी सवयीने त्याच्यासमोर तांदळाची रास घालणार होतो.

"मामा, तुझा एच-वन नाही, आर-वन. धार्मिक काम करणाऱ्यांचा. 1990 च्या कायद्यात आला तो. आधी 30 महिने देतात, मग वाढवून आणखी 30. एकूण पाच वर्षं, बस."

30 महिने! म्हणजे बरोबर अडीचकी. शनी एका राशीत राहतो तेवढेच. साडेसातीतल्या दोन अडीचक्या अमेरिकन सरकार देतं, तिसरी घरी येऊन भोगायची. मला हा कायदा करणाऱ्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

पण आदर टिकला तो तेवढ्यापुरताच. अर्ज मी करायचा नाही, मंदिराने करायचा, आय-129 नावाचा. मंदिर खरंच धार्मिक आहे, नफ्यासाठी नाही, हे करखात्याच्या कागदाने सिद्ध करायचं. खात्याचे लोक मंदिरात येऊन पाहूही शकतात, देव जागेवर आहे का ते. मला आठवड्याला सरासरी किमान 20 तास काम हवं. हे 20 तासांचं गणित मी बोटांवर मांडायला गेलो. गणेशचतुर्थीला पहाटे चारपासून चौदा घरं करतो, त्या एका दिवसात आठवडा उरकतो. लग्नसराईत घरच्यांना माझा चेहरा फोटोत दिसतो. आणि पौषात? पौषात मी बायकोला मोदकाचं सारण ढवळून देतो. भाचा म्हणाला, "मामा, सरासरी आहे, सरासरी."

कामाची यादीही मागितली होती. झाडलोट, देखभाल, कारकुनी हे धार्मिक काम धरत नाहीत. विश्वस्तांनी बोलता बोलता सांगितलं होतं, की हिवाळ्यात एखाद्या वेळी बर्फ पडतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून फावडं घ्यायचं. मी भाच्याला विचारलं, प्रदक्षिणेच्या वाटेवरचा बर्फ काढणं ही झाडलोट की देवसेवा? त्याने वकीणबाईंना लिहिलं. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं: "गुरुजींना सांगा, असे प्रश्न मुलाखतीत स्वतःहून काढू नका."

मग खरी मागणी आली. मी ज्या पंथाचा आहे, त्याचा निदान दोन वर्षं सदस्य असल्याचा पुरावा. आणि त्या पंथाने मला पौरोहित्याचा अधिकार दिल्याचा दाखला.

सदस्य! मी ऋग्वेदी, शाकल शाखा, आश्वलायन सूत्र. याची वर्गणी आमच्या घरात कोणी भरलेली ऐकिवात नाही. मी भाच्याला म्हटलं, "मी 1979 साली जन्मलो तेव्हापासून सदस्य आहे. पावती नाही, जानवं आहे. स्कॅन होतं का बघ." शेवटी ओळखीच्या देवस्थानाने, मी वीस वर्षं तिथे अभिषेक करतो, असं लेटरहेडवर लिहून दिलं. दाखल्याचं काय? आमच्या पाठशाळेत पदवीदान म्हणजे शास्त्रीबोवांनी एक दिवस, "उद्यापासून येऊ नकोस, लोकांकडे जा," असं म्हणून हातावर नारळ ठेवला होता. नारळाची चटणी केव्हाच झाली.

शास्त्रीबोवा आता 86 वर्षांचे आहेत. शनिवार पेठेत वाड्याच्या तळमजल्यावर राहतात. मी पेढे घेऊन गेलो, नमस्कार केला आणि वकीणबाईंनी पाठवलेला मजकूर वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: 'सदर व्यक्ती पूर्णपणे प्रशिक्षित आहे.'

शास्त्रीबोवांनी चष्मा काढला. "पूर्णपणे?"

"तसं लिहावं लागतं, शास्त्रीबोवा."

"संहिता झाली तुझी. पद झालं. क्रम झाला. जटा?"

"अर्धी."

"घन?"

घन म्हणजे वेदपठणाची शेवटची पायरी. मी खाली पाहिलं.

"मग पूर्णपणे कसा?" त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "अरे, मीच नाही पूर्णपणे. खोटी सही या वयात नको."

कायद्यात शब्द 'पूर्ण प्रशिक्षित' असाच आहे आणि तो गाळता येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. पाऊण तास वाद झाला. मधे काकूंनी चहा दिला, पेढा अर्धा करून त्यांना दिला कारण साखर आहे, उरलेला अर्धा मला. शेवटी तोड निघाली. दौत-टाक नाही, पण शाईचं पेन काढून त्यांनी आखीव फुलस्केपवर स्वतःच्या हाताने लिहिलं:

'हा माझ्याजवळ आठ वर्षे शिकला. सोळा संस्कार, शांती, पूजा व याग यांपुरता पूर्णपणे प्रशिक्षित आहे. आवाज मोठा आहे. अनुदात्त लावताना घाई करतो. यजमानास फसवीत नाही.'

खाली सही, आणि सहीखाली मिती.

बाहेर पडल्यावर मी वाड्याच्या दारात दोन मिनिटं उभा राहिलो. आठ वर्षांत त्यांनी मला एकदाही बरं म्हटलं नव्हतं. शेवटच्या ओळीसाठी अमेरिकेला जायला लागलं, तर जावं.

भाच्याने इंग्रजी भाषांतर केलं. अनुदात्ताला शब्द सापडेना म्हणून ते वाक्य त्याने गाळायचं म्हटलं, पण भाषांतर शब्दशः हवं, वकीणबाईंची सक्त ताकीद. म्हणून त्याने लिहिलं, 'आवाज मोठा आहे. खालच्या सुरात घाई करतो.' इंग्रजीत ते असं वाटत होतं, की शेजाऱ्यांनी पोलिसांत दिलेली तक्रार आहे.

मंदिराचा अर्ज मंजूर झाला तोवर गुढीपाडवा उलटला होता. विश्वावसु संवत्सर संपून शके 1948 सुरू झालं, त्या संवत्सराचं नाव पराभव. पंचांग मी वाचतो, लिहीत नाही. आता माझा स्वतःचा अर्ज, डीएस-160.

खरं सांगायचं तर हा अर्ज पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. संकल्प म्हणजे तरी काय असतो? कुठे बसलात, भरतखंडे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. कोणतं संवत्सर, कोणती तिथी. नाव काय, गोत्र काय, आणि कशासाठी आलात. डीएस-160 हेच विचारतो, फक्त पाणी सोडायला सांगत नाही. त्यासाठी 205 डॉलर आहेत. संकल्पाच्या पाण्यासारखेच, एकदा सोडले की परत नाहीत. तिकडच्या देवळांत संकल्पही बदलतो म्हणे, जंबुद्वीपाच्या जागी क्रौंचद्वीपे म्हणतात. ते मी आत्तापासूनच पाठ केलं होतं.

"मामा, तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का, असं विचारलंय."

"आता कुठे कामाचं विचारलं! लिही. गोत्र वसिष्ठ, प्रवर तीन..."

"मी 'नाही' करतोय."

"नाही? कुळच नाही?"

"मामा, पुढचा प्रश्न ऐक. स्फोटकं, अण्वस्त्रं, रासायनिक किंवा जैविक गोष्टींचं काही खास प्रशिक्षण किंवा अनुभव?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "वाकडचं सांगा."

वाकडचं असं, की त्याच अकराव्या मजल्यावर वास्तुशांतीच्या होमात तूप जरा सढळ पडलं आणि छतातून पाऊस सुरू झाला. यजमानांना वाटलं पर्जन्ययाग सफल झाला. सोसायटीच्या सेक्रेटरींना तसं वाटलं नाही. भाच्याने 'नाही' केलं.

वडिलांची जन्मतारीख विचारली तेव्हा मात्र गाडी अडली. वडिलांचा जन्म ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, एवढंच आजी सांगायची, आणि गाय त्याच रात्री व्यायली होती. मी जुनी पंचांगं काढून बसलो. सापडेपर्यंत पान आपोआप बंद झालं होतं. वीसेक मिनिटं हात लावला नाही, की ते बंद होतं. भाच्याने पुन्हा सुरुवात केली. "कुळ?" मी म्हटलं, "नाही म्हण."

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पार्श्वभूमी पांढरी, चष्मा नाही. मी ठेवणीतलं पांढरंशुभ्र उपरणं अंगभर घेऊन स्टुडिओत गेलो. प्रिंट हातात आली तेव्हा पांढऱ्यात पांढरं मिसळून धड नाहीसं झालं होतं. नुसती मुंडी अधांतरी. शेंडीसकट. फोटोग्राफर म्हणाला, "गुरुजी, छान आलाय." 24 वर्षं नवग्रहांच्या पूजेत ज्याला काळे उडीद वाहिले, तो राहू माझ्याकडे टक लावून बघत होता. दुसऱ्या दिवशी भाच्याचा निळा शर्ट घालून परत गेलो.

मग वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख. उभ्या पुण्याचे मुहूर्त मी काढतो. सोमवार सकाळी आठ मिळाली, अधिक ज्येष्ठात. अधिक महिना, त्यात सोमवारी राहुकाळ साडेसात ते नऊ. मी म्हटलं, "दुसरी बघ." भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "मामा, स्लॉट मिळाला हाच मुहूर्त."

बोटांचे ठसे आधी, मुलाखत नंतर, असे दोन दिवस. मुंबईला साडूंकडे मुक्काम. ठशांना माझा उजवा अंगठा आणि तर्जनी उमटेनात. रोज सहाणेवर खोड फिरवून रेषा झिजल्या आहेत. तिथल्या मुलाने हात पुसायला सांगितले, परत दाबायला सांगितले, आणि मग वास घेऊन म्हणाला, "चंदन का?" चौथ्या वेळी उमटलं. धोंड्याचा महिना म्हणून साडूंच्या आईने तेहतीस अनारसे डब्यात घालून दिले होते. मुलाखतीला पिशवी नाही, डबा नाही, मोबाइल नाही, म्हणून साडू डबा मांडीवर घेऊन समोरच्या फुटपाथवर बसले. मी बाहेर आलो तेव्हा अठरा उरले होते.

आत रांग होती. माझ्या पुढे एमएसला निघालेली मुलगी होती. ती मला खालून वर पाहून हळूच म्हणाली, "काका, माझ्यासाठी पण काहीतरी म्हणा ना." मी मनात अथर्वशीर्ष धरलं. तिला दोन मिनिटांत व्हिसा मिळाला. माझ्यासाठी म्हणायला कोणीच नव्हतं.

खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी, बाजूला मराठी दुभाषी बाई. दोघंही सौजन्याने बोलत होते, आणि घाबरवलं ते त्या सौजन्यानेच. मंदिर कुठलं, काम काय, पगार कोण देणार, सगळं मी पाठ करून गेल्यासारखं, खरं म्हणजे पाठ करूनच गेलो होतो, घडाघडा सांगितलं. मग त्याने विचारलं, मुदत संपल्यावर परत जाल ना?

24 वर्षांची सवय. कोणतीही पूजा विसर्जित करताना अक्षता टाकून शेवटी जे म्हणतो, तेच तोंडातून गेलं. "पुनरागमनाय च!"

दुभाषी बाई थबकल्या. "म्हणजे पुन्हा यायचं. पण कुठे? इकडे की तिकडे?"

प्रश्न बरोबर होता. तो मंत्र देवाला उद्देशून आहे, तुम्ही आता जा, पण परत या. अमेरिकेच्या खिडकीत उभं राहून तो म्हणणं म्हणजे काय, हे माझ्या लक्षात येऊन मला घाम फुटला. "पुण्याला! नारायण पेठेत!" मी ओरडलो. आवाज मोठा आहे, हे कागदावर होतंच.

अधिकारी हसला. मग त्याने मूळ पत्र मागितलं. मी शास्त्रीबोवांचा फुलस्केप काचेखालून सरकवला. एका हातात भाषांतर, दुसऱ्या हातात मूळ. भाषांतरावर भाच्याने शहाणपणा करून तारीख घातली होती, 25 नोव्हेंबर 2025. अधिकाऱ्याने मूळ पत्राखालची ओळ दाखवून बाईंना विचारलं, इथे काय लिहिलंय?

बाईंनी वाचलं. "मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, 1947."

शांतता.

मी जन्मलो 1979 ला. मला पूर्णपणे प्रशिक्षित म्हणून ज्यांनी 1947 ला सही केली, ते शास्त्रीबोवा तेव्हा आठ वर्षांचे, म्हणजे त्यांचीच मुंज लागत असणार. 'शके' हा शब्द शास्त्रीबोवांच्या अक्षरात असा लिहिला होता, की तो पंचमीचीच शेपटी वाटावा.

"शक आहे ते, शक!" मी म्हटलं. "त्यात 78 मिळवायचे." आणि इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण यजमानाला अर्धवट सांगायची मला सवय नाही. "म्हणजे डिसेंबरपर्यंत 78. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत 79."

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. कधी 78 आणि कधी 79?

"आणि तिथीचा क्षय असेल तर..." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसलो.

त्याने एक कागद दिला. वरती कलम, 221(जी). नकार नाही, होकार नाही. पत्राच्या तारखेचा खुलासा आणि तिचा पुरावा पाठवा, मग पुढे पाहू. कागद हातात घेऊन मी बाहेर आलो, साडूंशेजारी फुटपाथवर बसलो आणि एक अनारसा खाल्ला. कागदाचा अर्थ मला भाच्यापेक्षा आधी कळला होता. सामान यादीप्रमाणे नाही. आणून द्या.

पुरावा भाच्यानेच शोधला. भारत सरकारने 22 मार्च 1957 ला शक पंचांग राष्ट्रीय म्हणून घेतलं, तो दिवस 1 चैत्र 1879. तेव्हापासून राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी शकही छापतात. राजपत्राचं एक पान, शास्त्रीबोवांचं नवं पत्र आणि माझा खुलासा, असं सगळं पाठवून दिलं. नवं पत्र आणायला गेलो तेव्हा शास्त्रीबोवांनी दोन्ही तारखा घातल्या, पण आधी मला विचारून घेतलं, "त्या साहेबाला साधं 78 मिळवता येत नाही? तोसुद्धा पूर्णपणे प्रशिक्षित नाही मग."

हे होऊन तीन आठवडे झाले. संकेतस्थळावर रोज सकाळी संध्या झाली की भाचा बघतो.

काल रात्री फोन आला. बालेवाडीचा मुलगा, नवीन फ्लॅट, वास्तुशांती. गोत्र विचारलं तर म्हणाला, "ते माहीत नाही हो गुरुजी. आईबाबा नाहीत. गावाकडे कोणाला विचारून सांगू का?" आधी मी म्हणायचो, विचारून ठेवा आणि मग फोन करा.

"नको," मी म्हटलं. "माहीत नसलं की कश्यप. शास्त्रात आहे तसं."

"पुरावा लागतो का?"

"नाही."

मग मी यादी सांगायला लागलो. हळद, कुंकू, नाडापुडी, पानं 50. तो लिहून घेत होता, मागे पेनचा आवाज येत होता. सप्तमृत्तिकेपाशी त्याने विचारलं, "गुरुजी, यातलं एखादं नाहीच मिळालं तर?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "सांगा त्याला, दोन बाय दोनचे फोटो मात्र आण. निळ्या शर्टातले."